भरपूर वेळ असलेला वॉर्ड

(दृश्य : बॉस्टन शहर, जमैका प्लेनचा भाग. साउथ हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरची रुग्णालयाची उंच इमारत.)

अमेरिकेत 'व्हीए' म्हटलं की बहुतेकांना आधी आठवतात त्या रांगा, अर्ज आणि पुढच्या तारखा. व्हीए म्हणजे माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्यव्यवस्था. तिच्यावर टीका होते, आणि ती उगाच होत नाही. पण मेंदू आणि भाषा यांच्या नात्याबद्दल आज मेडिकलच्या वर्गात जे शिकवतात, त्यातला मोठा वाटा बॉस्टनच्या या व्हीए रुग्णालयात, माजी सैनिकांच्या खाटांशेजारी बसून उलगडलेला आहे.

दुसरं महायुद्ध संपलं. डोक्यात गोळी किंवा छर्रा घुसूनही वाचलेली तरुण मुलं घरी परतली. त्यांतल्या कुणाला चालता येत होतं, हाताने जेवता येत होतं, घरची माणसं ओळखू येत होती. बोलणं मात्र गेलं होतं. काहींना शब्द सुचायचा नाही. काही घडाघडा बोलायचे, पण त्या बोलण्याला अर्थ नसायचा. याला वाचाघात म्हणतात.

जानेवारी १९४६ मध्ये एक महत्त्वाचा निर्णय झाला. जनरल ओमार ब्रॅडली तेव्हा या खात्याचे प्रमुख होते. माजी सैनिकांची रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडायची, असं ठरलं. त्यामुळे प्राध्यापक मंडळी वॉर्डात आली, पाठोपाठ शिकाऊ डॉक्टर आले. आणि इथे त्यांना जे मिळालं ते खाजगी रुग्णालयात मिळणं कठीण होतं : वेळ. जखम भरली की पेशंटला घरी धाडायची घाई नव्हती, कारण बिलाचा आकडा रोज चढत नव्हता. तोच माणूस आठवडेच्या आठवडे समोर असायचा. काल न जमलेला शब्द आज जमतो का, हे पाहता यायचं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. पांढरे कोट, लोखंडी खाटा.)

न्यूरॉलॉजी विभागाचे प्रमुख होते फ्रेड क्वाडफासेल, जर्मनीहून आलेले. त्यांच्यानंतर, साठच्या दशकात, प्रमुखपद आलं नॉर्मन गेश्विंड यांच्याकडे. सोबत हॅरल्ड गुडग्लास आणि इडिथ कॅप्लन हे मानसशास्त्रज्ञ. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एकाच पेशंटभोवती बसतात, हे आज विशेष वाटत नाही. तेव्हा ते रोजचं नव्हतं.

१९६२ साली गेश्विंड आणि कॅप्लन यांनी एका पेशंटबद्दल लिहिलं. पेशंट पोलीस होता. मेंदूच्या डाव्या भागातली गाठ काढायला शस्त्रक्रिया झाली होती. उजव्या हाताने तो बरोबर लिहायचा, डाव्या हाताने लिहायला सांगितलं की भलतेच शब्द उमटायचे. मग डोळ्यांआड त्याच्या डाव्या हातात एखादी वस्तू ठेवायची. हात ती वस्तू बरोबर वापरून दाखवायचा. काय आहे विचारलं की तोंडातून दुसरंच नाव. वस्तू काढून घेतली आणि इतर वस्तूंमध्ये ठेवली, तर डावा हात नेमकी तीच उचलायचा.

म्हणजे हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे असतो, बोलणं बहुतेकांच्या डाव्या अर्ध्यात. दोघांना जोडणारा जाड पूल, कॉर्पस कॅलोसम, या माणसाचा बराचसा निकामी झाला होता. दोन्ही अर्धे आपापल्या जागी काम करत होते, मधला रस्ता बंद होता.

यातूनच गेश्विंड यांचा १९६५ चा प्रसिद्ध, लांबलचक लेख आला. वेर्निके, देझरीन, लीपमान या युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला जे मांडलं होतं, ते अमेरिकेत जवळपास अडगळीत पडलं होतं. गेश्विंड यांनी ते झटकून पुन्हा टेबलावर ठेवलं. नवं यंत्र नव्हतं. स्कॅनही नव्हता. जुने कागद आणि समोरचा पेशंट, एवढंच भांडवल.

(दृश्य : रेखाचित्र, हळूहळू जवळून.)

हे चित्र पाहा. बाई ताटली पुसतेय, सिंकमधलं पाणी भरून जमिनीवर वाहतंय आणि तिचं लक्ष नाही. मागे मुलगा स्टुलावर चढून बिस्किटांच्या बरणीत हात घालतोय, स्टूल कलंडलंय. खाली बहीण हात वर करून वाट पाहतेय. पेशंटला सांगायचं, 'यात काय चाललंय ते सांगा.' बस. कुणी 'मुलगा... स्टूल... पडेल' एवढ्यावर अडतो. कुणी भरभर बोलतो, पण 'ते, त्याचं, तिकडचं' यापलीकडे नाव एकाही वस्तूचं येत नाही. गुडग्लास आणि कॅप्लन यांच्या १९७२ च्या वाचाघात चाचणीतलं हे चित्र आज स्मृतिभ्रंशाच्या तपासणीतही वापरतात. (बाई स्वयंपाकघरात हे गृहीत धरलेलं पुढे लोकांना खटकलंच. अलीकडच्या सुधारित चित्रात घरकाम पुरुषाच्याही वाट्याला आलंय.)

कॅप्लन यांचा आग्रह असा, की पेशंटला किती गुण पडले यापेक्षा तो चुकला कसा ते बघा. दोन माणसांचे गुण सारखे असतात, चुका अगदी वेगळ्या असतात. चूक बघायची तर शेजारी बसून राहावं लागतं. पुन्हा वेळच.

याच रुग्णालयातून १९७३ मध्ये आणखी एक पद्धत पुढे आली. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांची. आपल्याकडेही पक्षाघातानंतर पाणी मागता न येणारे आजोबा आरती सुरू झाली की शब्द उचलतात, हे कित्येक घरांनी पाहिलंय. या मंडळींनी त्याचाच पद्धतशीर उपचार केला. 'कॉफी हवी' इतकंच वाक्य, एक वरचा सूर आणि एक खालचा. थेरपिस्ट पेशंटचा डावा हात धरते, प्रत्येक अक्षराला टेबलावर थाप. आधी दोघं मिळून, मग तिचा आवाज कमी होत जातो, शेवटी सूर काढून साधं बोलणं. उजवा मेंदू मदतीला येतो म्हणून हे चालतं, की नुसत्या लयीमुळे, यावर वाद अजून मिटलेला नाही. सगळ्यांना उपयोग होतो असंही नाही.

(दृश्य : आजची ओपीडी.)

आता पेशंट इराक-अफगाणिस्तानातून आलेले. रस्त्याखाली पेरलेल्या स्फोटकांतून वाचलेले. डोकेदुखी, झोप नाही, विसरभोळेपणा, चिडचिड. यातलं किती स्फोटाने, किती मनावरच्या आघाताने, किती नुसत्या जागरणाने, हे सांगताना न्यूरॉलॉजिस्टची कसोटी लागते. शिवाय कागदपत्रं आहेतच. व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज या तणनाशकाशी संपर्क आलेल्या सैनिकाला पार्किन्सन झाला, तर २०१० पासून तो नोकरीमुळेच झाला असं धरतात. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस या आजाराबाबत असा नियम २००८ मध्येच झाला. म्हणजे निदानाच्या ओळीवर त्या घराला मिळणारी भरपाईही ठरते.

२००८ मध्येच बॉस्टनच्या व्हीएने विद्यापीठाच्या साथीने मेंदूंची पेढी सुरू केली. डॉ. अ‍ॅन मॅकी तिथे खेळाडूंचे आणि सैनिकांचे दान आलेले मेंदू तपासतात. डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या सीटीई या आजारात घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाउ नावाचं प्रथिन साचतं. जिवंतपणी याचं पक्कं निदान अजून होत नाही.

स्फोटाने सीटीई होतोच, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. २०२२ मध्ये दुसऱ्या एका गटाने सैनिकांचे २२५ मेंदू तपासले. सीटीई सापडला १० जणांत. आणि ते दहाही जण सैन्याबाहेर धक्काबुक्कीचे खेळ खेळलेले निघाले. तेव्हा ओपीडीत समोर बसलेल्या माजी सैनिकाला स्फोट किती जवळ झाला हे विचारायचंच, पण शाळेत असताना अमेरिकन फुटबॉल खेळलात का, हेही विचारावं लागतं.