पाळण्यातलं टपाल

(दृश्य : टेबलावर विंडोज ९८ चा जुना पीसी. शेजारी राखाडी क्रेडल, म्हणजे केबलनं पीसीला जोडलेली बैठक. एक हात त्यात पामपायलट हा खिशातला ऑर्गनायझर बसवतो.)

क्रेडलच्या पुढच्या बाजूचं हे बटण बघा. दाबलं की बारीक चिवचिवाट होतो आणि पडद्यावर सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदींची जुळवाजुळव, चालू झाल्याची पाटी येते. तिकडे पीसीची हार्ड डिस्क कुरकुरायला लागते. सकाळी वेगवेगळ्या वाटांनी गेलेली घरातली दोन माणसं संध्याकाळी चहाला बसून दिवसभराचं सांगतात ना, तसं काहीसं आता या केबलमधून चाललंय. अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा चिवचिवाट. झालं.

हे यंत्र १९९७ चं, पामपायलट प्रोफेशनल. मेमरी १ एमबी, पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, पोटात दोन ट्रिपल-ए सेल. ईमेल वाचायचा प्रोग्राम पायलटमध्ये आला तो याच मॉडेलपासून. मात्र रोजच्या वापरात हे यंत्र इंटरनेटला हात लावत नसे. मग ईमेल यायचं कुठून? समोरच्या पीसीतून, या बटणाच्या जोरावर.

(दृश्य : लाकडाचा छोटा ठोकळा, खिशात सरकवताना.)

कॅलिफोर्नियात जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये पाम कम्प्युटिंग काढली. पहिलं यंत्र, झूमर, चाललं नाही. दुसऱ्याच्या वेळी हॉकिन्स यांनी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो घेऊन हिंडू लागले. मीटिंगची वेळ ठरवायची झाली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचं. लोकांना काय वाटत असेल ते असो. मार्च १९९६ मध्ये त्या ठोकळ्याचं खरं यंत्र झालं, पायलट १०००. किंमत २९९ डॉलर, मेमरी फक्त १२८ केबी.

ठोकळ्याची गोष्ट सगळे सांगतात. मला विचाराल तर खरी अक्कल या क्रेडलमध्ये होती. इतर ऑर्गनायझरांना पीसीशी जोडायची केबल बहुधा वेगळी विकत घ्यावी लागायची. पामनं क्रेडल खोक्यातच दिलं आणि सगळं काम एका बटणावर आणलं. पायलट म्हणजे छोटा कम्प्युटर नाही, मोठ्या कम्प्युटरचं खिशातलं पान आहे, हे त्यांनी मान्य केलं होतं. क्रेडल म्हणजे पाळणा. दिवसभर हुंदडून आलेलं पोर रात्री पाळण्यात.

(दृश्य : पायलटच्या पडद्यावर पत्त्यांची यादी. एका नावाचा फोन नंबर बदलला जातो.)

पायलटमधल्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो आणि त्यासोबत एक बाइट, म्हणजे आठ बिट. त्यातले चार बिट नोंद कुठल्या वर्गातली हे सांगतात. म्हणून तर वर्ग सोळाच, सतरावा करता येत नसे. उरलेल्या चारांपैकी एकाला प्रोग्रामर डर्टी बिट म्हणतात. नोंदीत काही बदललं की तो बिट चढतो. आपल्या भाषेत नोंद खरकटी झाली. सिंकच्या वेळी पीसी सगळी ताटं तपासत बसत नाही, फक्त खरकटी उचलतो. म्हणूनच सिरीयल केबलच्या त्या मुंगीच्या चालीवरही काम मिनिटात व्हायचं.

पण हे जमतं कधी, तर यंत्र प्रत्येक वेळी त्याच पीसीशी सिंक होत असेल तेव्हाच. घरी एक पीसी, ऑफिसात दुसरा, असं असलं की ऑफिसात झालेल्या सिंकमध्ये सगळ्या खुणा पुसल्या जायच्या आणि घरच्या पीसीला काय बदललं ते कळायचंच नाही. मग एकेक नोंद जुन्या प्रतीशी ताडून बघायची. याला स्लो सिंक म्हणत. नावात सगळं आलं.

आणि एकच नोंद दोन्हीकडे बदलली असेल तर? यंत्र न्यायनिवाडा करत नसे, दोन्ही ठेवायचं. त्यामुळे पत्त्यांच्या वहीत एकच माणूस दोनदा दिसे, एकदा जुन्या फ्लॅटसह, एकदा नव्या. एकीकडे पुसलं आणि दुसरीकडे बदललं असेल, तर बदललेली नोंद जगायची. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

(दृश्य : मेल प्रोग्राम. अक्षरं बारीक, एका पत्राच्या चारच ओळी दिसतील अशी चौकट.)

डायरी, पत्ते, कामांची यादी या सगळ्या आपल्याच हातच्या गोष्टी. आपण बदललं तरच बदलतात. टपालाचं तसं नाही. ते दुसऱ्याच्या मर्जीनं येतं. सकाळी नऊला पायलट क्रेडलमधून उचलला की नऊची इनबॉक्स खिशात गेली. सव्वानऊला साहेबांनी मीटिंग रद्द केली, तरी खिशातल्या इनबॉक्सला त्याचा पत्ता नाही. तुम्ही आपले गाडीत बसून त्या मीटिंगची तयारी करताय.

जायच्या टपालाचंही तेच. पायलटच्या पडद्यावर काडीनं एकेक अक्षर गिरवून उत्तर लिहायचं. ए म्हणजे उलटा व्ही, मधली रेघ द्यायची नाही. मग ‘पाठवा’ दाबायचं. ते जायचं फक्त आउटबॉक्समध्ये. आपल्याकडच्या लाल टपालपेटीवर पुढच्या उचलीची वेळ लिहिलेली पट्टी असते. इथे ती पट्टी म्हणजे हे क्रेडलचं बटण. बटण दाबलं की पत्र पीसीतल्या मेल प्रोग्रामच्या हवाली, आणि तिथून पुढे जगात.

मेमरी इवलीशी, म्हणून चाळणीही होती. सगळी पत्रं घ्यायची, न वाचलेलीच घ्यायची, की पीसीवरून काहीच न घेता फक्त लिहिलेली पाठवायची, हे आधी ठरवता यायचं. अमुक नावाची किंवा अमुक विषयाची पत्रं वगळताही यायची. लांबलचक पत्र ठरावीक अक्षरांनंतर कापलं जाई. जोडलेल्या फायली पीसीवरच राहायच्या.

आज हे ऐकताना कटकट वाटेल. त्या काळात तसं वाटत नसे, निदान आपल्याकडे तरी. भारतात व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. मिनिटामिनिटाला बिल चढायचं. म्हणून घरोघरी रीत एकच : लाइन जोडा, टपाल उतरवून घ्या, लाइन तोडा, निवांत वाचा, उत्तरं लिहा, पुन्हा जोडा. पायलटनं वेगळं काय केलं? तीच रीत खिशात नेली. त्यावर देवनागरी दिसत नसे, पण त्याचंही कुणाला अडलं नाही. मराठी ईमेलं तेव्हा रोमन लिपीतच लिहिली जात.

(दृश्य : अँटेना उचललेलं पाम सेव्हन, मग छोटा कीबोर्ड असलेलं ब्लॅकबेरी.)

१९९९ मध्ये पामनं पाम सेव्हन काढलं, वायरलेस. अँटेना उचलायची की पत्र जायचं. पण त्यासाठी पामचा वेगळा ईमेल पत्ता. म्हणजे ऑफिसचं टपाल पाळण्यातून, हे दुसरं हवेतून, आणि दोघांची ओळखदेख नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या रिसर्च इन मोशननं ब्लॅकबेरी आणलं. त्यांनी टपाल आलं की लगेच यंत्राकडे ढकललं, तेही ऑफिसच्याच पत्त्यावरचं. गंमत म्हणजे सुरुवातीला हे ढकलायचं काम ऑफिसातला पीसीच करू शकायचा. रात्री कुणी तो बंद केला की खिशातलं ब्लॅकबेरीही गप्प. ढकलायचं काम ऑफिसच्या सर्व्हरवर गेलं तेव्हा कुठे पीसी या खेळातून बाजूला झाला.

(दृश्य : पुन्हा टेबल. पायलटवर काडीनं लिहिणारा हात.)

या चित्रणासाठी आम्ही एक खरं पत्र लिहिलं. तीन ओळींना सहा मिनिटं लागली. बटण दाबलं, चिवचिवाट झाला, पत्र पायलटच्या आउटबॉक्समधून नाहीसं झालं. पीसीवर बघितलं, तर तिथल्या आउटबॉक्समध्ये बरोबर येऊन बसलं होतं. मेलच्या या जुन्या प्रोग्रामला आजच्या सर्व्हरांची सांकेतिक भाषा येत नाही, त्यामुळे ते पुढे सरकेना. अजून तिथेच आहे. पायलटच्या पडद्यावर मात्र सिंक पूर्ण झाल्याची पाटी आहे.