बाराच्या ठोक्याला

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन कॉमिकमधला नायक बॅटमन आणि त्याचा वैरी जोकर यांची पहिली गाठ कशी पडली, ते आज ऐकायचं आहे. हा विषय रेडिओवरच शोभतो, कारण गोष्टीत जोकर पहिल्यांदा येतो तोच मुळी रेडिओवरून.

साल १९४०. अमेरिकेत ‘बॅटमन’ या नावाचा पहिला स्वतंत्र अंक निघाला, किंमत १० सेंट. बॅटमन त्याच्या वर्षभर आधी, १९३९ मध्ये, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात येऊन गेलेला होता. लेखन बिल फिंगरचं, चित्रांवर नाव बॉब केनचं आणि मदतीला जेरी रॉबिन्सन, वय अठरा. जोकर नेमका कोणाच्या डोक्यातून निघाला यावर नंतर बराच वाद झाला. पत्त्यातला जोकर आपण आणला असं रॉबिन्सन सांगायचा. चेहऱ्यासाठी कॉनराड फाइट या जर्मन नटाचा ओठ फाकलेला फोटो समोर होता. वादाचं सोडा, गोष्ट ऐका.

घरोघरी रेडिओवर गाणी चालू आहेत. मध्येच गाणं तुटतं आणि एक सपाट, थंड आवाज येतो: आज रात्री बरोबर बारा वाजता मी हेन्री क्लॅरिजला मारणार आणि त्याचा हिरा नेणार. जोकर बोलतोय. ऐकणाऱ्यांना वाटतं, ही थट्टा आहे. कोणीतरी म्हणतंही, मागे तो मंगळवाला सगळ्यांना घाबरवून गेला, तसाच प्रकार असेल. १९३८ मध्ये मंगळावरच्या स्वारीचं रेडिओ-नाटक खरं समजून काही लोक घाबरले होते, त्याला हा टोला.

क्लॅरिज मात्र घाबरतो. पोलीस येतात, खोलीला वेढा पडतो, क्लॅरिज मधोमध. बारा वाजायला काही मिनिटं उरतात. लक्षात ठेवा, बारा वाजता. (आपल्याकडे पत्रिकेत १२ वाजून ४ मिनिटांचा मुहूर्त छापतात आणि अक्षता दीडला पडतात. वक्तशीरपणा शिकावा तर खलनायकाकडून.) घड्याळ ठोके देतं. दार उघडलेलं नाही, खिडकी फुटलेली नाही, गोळी सुटलेली नाही. आणि क्लॅरिज किंचाळून कोसळतो. मेलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू ताणला जातो, ओठ मागे ओढले जातात आणि प्रेत हसायला लागतं.

पोलीस म्हणतात, निदान हिरा तरी वाचला. तपासतात तर ती नुसती काच!

हे झालं कसं? जोकर आदल्या रात्रीच येऊन गेला होता. क्लॅरिज झोपेत असताना त्याला सुई टोचली, विष असं की बरोबर चोवीस तासांनी काम करेल. हिरा उचलला, काच ठेवली, घरी गेला. पहारा बसला तेव्हा चोरीही झाली होती आणि खूनही. पुन्हा सांगते: आधी खून, मग चोवीस तासांनी पहारा. पोलीस जागेला चुकले नाहीत, वेळेला चुकले.

बॅटमन यात कुठे आहे? उशिरा आलेला. पुलावर दोघे पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि जोकर त्याला लाथ घालून सरळ पाण्यात पाडतो. पहिल्या गाठीत नायक हरायलाच हवा, हे फिंगरला पक्कं ठाऊक होतं. नायक पहिल्याच फेरीत जिंकला, तर समोरचा साधा चोर. वेताळाचे, म्हणजे फँटमचे, अंक वाचून मोठ्या झालेल्यांनी आठवून पाहावं. डेंकालीच्या जंगलात चाचे आले, तस्कर आले, जबड्यावर कवटीचा ठसा घेऊन गेले. परत यावा असा वैरी त्यांत फारसा सापडत नाही.

जोकर मात्र परत आला, त्याच अंकात. तुरुंगात जातो तेव्हा त्याचे दोन दात खोटे असतात आणि आत रसायनं भरलेली. त्यांचा स्फोट करून तो पळतो. शेवटी बॅटमनवर सुरा उगारतो, बॅटमन बाजूला होतो आणि सुरा जोकरच्याच छातीत घुसतो. फिंगरनं गोष्ट इथेच संपवली होती. जोकर मेला, विषय संपला.

संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते पाहिलं आणि थांबवलं. असा माणूस एका अंकात खर्च करायचा नाही, म्हणाले. मग शेवटी चित्राची एक चौकट वाढवली: रुग्णवाहिका, डॉक्टर आणि एक वाक्य, हा जिवंत आहे आणि जगणार आहे. एक चौकट. आज ऐंशी वर्षांहून जास्त काळ जी जोडी चालली आहे, ती त्या एका चौकटीवर.

त्या अंकात जोकर कोण, कुठला, चेहरा असा का, याबद्दल अवाक्षर नाही. रसायनात पडल्याची कथा थेट १९५१ ची. माझं मत विचाराल तर तीही नको होती. खलनायकाचं बालपण सांगायची हल्ली साथच आली आहे.

हीच पहिली गाठ एड ब्रुबेकर आणि डग मान्के यांनी २००५ मध्ये नव्यानं मांडली. क्लॅरिज तिथेही मरतो, पण खरा डाव शहराच्या पाण्यात विष कालवण्याचा. विषारी पाणी शहरात शिरू नये म्हणून बॅटमन पाण्याचा मार्गच उडवतो. गोरेवाड्याचं पाणी पिणाऱ्या नागपूरकरांना मे महिन्यात ही धमकी जास्त समजावी.

आता जी पोरं स्वतः कॉमिक काढतात त्यांच्यासाठी, थोडक्यात. धक्का द्यायची चौकट नेहमी सम पानावर, म्हणजे २, ४ किंवा ६ वर, आणि तीही पहिली. सम पान डावीकडे येतं, ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही. घड्याळ विषम पानाच्या तळाशी, प्रेत उलटल्यावर. पुन्हा सांगते, घड्याळ तळाशी, प्रेत उलटल्यावर. दोन्ही समोरासमोरच्या पानांवर काढलं, तर डोळा आधी प्रेतावर जातो आणि बारा वाजण्यात काही उरत नाही.

दुसरं, आधी अक्षरं लिहा, मग चित्र काढा. इंग्रजी संवादाच्या फुग्यात सगळी मोठी अक्षरं, एका उंचीची, ओळीला ओळ चिकटली तरी चालतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षर ५ मिलिमीटरचं असेल, तर ओळींमध्येही तेवढीच जागा सोडा. एका फुग्यात वीसेक शब्द पुष्कळ झाले. चित्र आधी केलंत, तर शेवटी फुगा जोकरच्या तोंडावरच बसवावा लागतो.

आणि शाई कूलरसमोर बसून करू नका. त्या हवेनं कागद ओल धरतो आणि बारीक रेघ फुटते. जोकरच्या हसण्याच्या सुरकुत्या बारीकच लागतात, नाहीतर तो ओरडतोय असं दिसतं. खोलीत दुसरीकडे बसा किंवा पहाटे काम करा.

नमस्कार.