मीठ घातलं काय गं मी?

(दृश्य: एप्रिलची दुपार, मंगळवार पेठेतलं कांडप. मिरच्यांची पोती, तोंडाला पदर लावून बसलेल्या बायका.)

एप्रिल लागला की कोल्हापूरच्या गल्लीतनं नुसतं चालत गेलं तरी ठसका लागतो. घरोघरी वर्षाच्या चटणीची घाई. बाहेरचे लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, आपल्याकडं ती चटणीच. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. तीळ, खोबरं, धणे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण सोलायचा आणि डबे घेऊन कांडप गाठायचं. माझ्या आईनं पंचवीस वर्षं ही चटणी कुठंही प्रमाण न लिहिता केली. गल्लीतल्या नव्या सुना वही-पेन घेऊन तिच्याकडं यायच्या.

तीन वर्षांपूर्वी याच कांडपात ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मीठ घातलं काय गं मी?"

दहा मिनिटांपूर्वी तिनं माझ्यादेखत खडेमीठ घातलं होतं.

आई तेव्हा ४८ वर्षांची. पाळी कधी पंधरा दिवसांत, कधी दोन-दोन महिने नाही. रात्री घामानं उशी भिजायची. गॅस बंद केलाय का बघायला ती अर्ध्या वाटेतनं घरी यायची. घरातले म्हणाले, वय झालं. ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं, त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. एका रात्री आई माझ्या शेजारी येऊन बसली. "आजीसारखं होणार काय गं माझं?" आजीनं शेवटची वर्षं आम्हा कुणालाच ओळखलं नव्हतं.

त्या रात्री माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता ही फिल्म झाली.

(दृश्य: बाभळीची काटेरी फांदी, अगदी जवळून.)

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीला फांद्या फुटलेल्या आणि त्या फांद्यांवर बाभळीसारखे बारीक काटे. एका पेशीचा निरोप दुसरी पेशी बहुतेक वेळा या काट्यावर झेलते. आत्ता मीठ घातलं ही ताजी आठवण पकडून ठेवणारा मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं एकेक.

इस्ट्रोजेन म्हणजे पाळीचं हार्मोन, एवढंच आपल्याला शाळेत सांगितलं. पण ते रक्तातनं मेंदूतही जातं आणि तिथल्या पेशींवर त्याला ओळखणारी ग्राहकं बसलेली असतात. १९९० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड, ब्रूस मॅक्युअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या माद्यांचा हिप्पोकॅम्पस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या माद्यांचं चक्र जेमतेम चार-पाच दिवसांचं. तेवढ्या दिवसांत, इस्ट्रोजेन चढलं की काटे दाट होत होते, उतरलं की विरळ. मोठ्या झालेल्या प्राण्याच्या मेंदूत इतक्या झटपट उलथापालथ होते, हे वाचताना मी थक्क झाले होते.

आणखी एक काम इस्ट्रोजेन करतं. पेशीला साखरेतनं ऊर्जा काढायला मदत करतं. मेंदू वजनानं शरीराच्या फक्त २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के.

पाळी जायच्या आधीच्या वर्षांत हे हार्मोन सरळ उतरत नाही. उन्हाळ्यातल्या नळासारखं असतं ते, एक दिवस धो-धो, दुसऱ्या दिवशी करंगळीएवढी धार. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यानं बिथरतं, म्हणून तो घाम. घामानं झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेत आठवणी नीट बसत नाहीत.

मला सगळ्यात धीर दिला तो अमेरिकेतल्या एका पाहणीनं. २,३०० हून जास्त बायकांची चार वर्षं पुन्हा पुन्हा चाचणी घेतली होती, निष्कर्ष २००९ साली आले. पाळी जायच्या उंबरठ्यावर बायकांचं नवं शिकणं मंदावलं. पाळी पूर्ण थांबल्यावर ते पुन्हा सुधारलं. आईला मी हे दोनदा वाचून दाखवलं.

मग गोळ्यांनी इस्ट्रोजेन भरून का काढू नये? इथं जपून बोललं पाहिजे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पासष्टी ओलांडल्यावर इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन एकत्र दिलेल्या बायकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुपटीनं वाढलं. पन्नाशीच्या आत-बाहेर, घामाच्या त्रासासाठी हीच औषधं देण्याचा हिशेब वेगळा असतो. पण तो हिशेब स्त्रीरोगतज्ज्ञाशी बसून करायचा. मैत्रिणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

(दृश्य: रक्ताच्या तपासणीची नळी. लेबलवरचं नाव झाकलेलं.)

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी आईचं सगळं ऐकून घेतलं, मग थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं. थायरॉइड खरंच कमी निघाला. हे हार्मोन कमी पडलं की विचारच जड होतात, आणि औषधानं बऱ्याचदा मोकळे होतात. टॉनिकवर वर्ष काढलं, याचा मला अजून राग येतो.

कॉर्टिसॉलचंही सांगायला हवं. ताणाचं हे हार्मोन सकाळी चढतं, रात्री उतरतं, तसंच हवं. कुशिंग नावाच्या आजारात ते सतत चढलेलं राहतं. अशा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस लहान झालेला दिसला आणि उपचारानं कॉर्टिसॉल उतरल्यावर तो थोडा भरूनही आला. पेशीची फांदी वाळली म्हणजे झाड मेलं असं नसतं.

(दृश्य: रंकाळा, सकाळचे सहा. शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालणाऱ्या बायका.)

आई आता रोज इथं येते. २०११ साली अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातले निम्मे आठवड्यातनं तीनदा, चाळीस मिनिटांपर्यंत चालले. वर्षभरात त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते हातपाय ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा तेवढ्याच काळात थोडा घटला. आईला हे आकडे पाठ आहेत, चालता चालता ती ते मैत्रिणींना सांगते.

(दृश्य: पुन्हा कांडप.)

यंदाही तिनं विचारलं, "मीठ घातलं काय गं मी?" मी तोंड उघडायच्या आत तिनं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि कांडपवाल्याला म्हणाली, "लाव मशीन."