कुलूप एकदाच

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की एका पेढीचे दिवाणजी गोदामाला कुलूप लावून सायकलीने सांगलीवाडीकडे निघतात. आयर्विन पुलापाशी येतात आणि मागे वळतात. कुलूप ओढून पाहतात, पुन्हा निघतात, पुन्हा परततात. कुलूप लागलेले आहे हे त्यांना ठाऊक असते. तरीही मनाची खात्री पटत नाही, आणि या आजाराचा खरा जाच हाच आहे.

मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आहे. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात तर तासन्‌तास हात धुणारी बाई आजारी आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे आणि भीतीला सामोरे जाऊन ती ठरावीक कृती न करण्याचा सराव, हे उपचारांचे दोन मुख्य आधार आहेत. औषधाची मात्रा अनेकदा नैराश्यात लागते त्यापेक्षा अधिक लागते आणि गुण येण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात. एवढे करूनही अनेकांची लक्षणे पूर्णपणे जात नाहीत, म्हणून जोडउपचारांचा शोध सुरू आहे.

डिजिटल बौद्धिक प्रशिक्षण, म्हणजे मोबाइलवरील खेळांतून मनाला दिलेला सराव, हा त्यांपैकी एक. पडद्यावर हिरवी खूण आली की बोट टेकवायचे, लाल आली की उचललेले बोट आवरायचे. मध्येच नियम बदलला की जुनी सवय सोडून नवा नियम धरायचा. ओसीडीच्या अनेक रुग्णांना हे आवरणे आणि वळणे तुलनेने जड जाते, असे चाचण्यांत आढळले आहे. मात्र खेळातील गुण वाढले म्हणून कुलपाची शंका कमी होईलच असे नाही. आतापर्यंतचा पुरावा तोकडा आणि संमिश्र आहे. म्हणूनच मोबाइलवरील खेळाच्या भरवशावर गोळी बंद करणे आम्हाला धोक्याचे वाटते.

आणखी एक जोखीम सहसा बोलली जात नाही. हाच खेळ 'मनासारखा होईपर्यंत' पुन्हा पुन्हा खेळणे हा नवा मंत्रचळ होऊ शकतो. त्यामुळे दिवाणजींना रोज वीस मिनिटेच नेमून दिलेली आहेत. वेळ संपली की डाव अर्धवट असला तरी मोबाइल खिशात जातो आणि मग ते कुलूप लावायला उठतात.