सुवर्णदुर्गातून सुटणारे गोळे

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला उभं राहिलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो, हे दापोलीकरांना मी काय सांगणार! आमच्या गेमचा नकाशा तिथलाच. मधोमध किल्ला, किनाऱ्याला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, पाण्यात आंग्र्यांच्या गुराबा नि गलबतं. तोफा डागायच्या, समोरचं जहाज बुडवायचं, एवढाच खेळ. तिघा मित्रांनी मिळून केला. पैसे किती मिळाले ते विचारू नका.

लढाई संपल्यावर ती पुन्हा बघता यावी म्हणून आम्ही रिप्ले जोडला आणि पहिल्याच दिवशी भुताटकी सुरू झाली. तोफ डागली गलबताने, गोळा मात्र सुटतो सुवर्णदुर्गातून! तिथून तरंगत गलबतापाशी येतो आणि मग शहाण्यासारखा शत्रूकडे जातो. एक नाही, दोन नाही, प्रत्येक गोळा. मित्र म्हणाला, "१७५५ साली किल्ला पडला खरा, पण आतले गोलंदाज अजून तोफेवरनं उठलेले नाहीत."

खेळताना हे कधीच व्हायचं नाही, फक्त रिप्लेत. मी मात्र दोन रात्री तोफ डागण्याचा कोड उसवत बसलो. साफ चुकीच्या जागी शोधत होतो.

रिप्ले म्हणजे व्हिडिओ नव्हे. व्हिडिओत चित्रं साठवलेली असतात, इथे फक्त नोंदी असतात. खेळाचं घड्याळ टिकटिकत असतं. आमचं सेकंदाला तीस टिक चालतं. अमुक टिकला अमुक गोळा अमुक जागी, अशी ती वही. रिप्ले दाखवणारा प्रोग्रॅम, त्याला आपण दर्शक म्हणू, ती वही वाचून चित्र नव्याने काढतो. १९९३ चा 'डूम' हा गेम याहून कंजूस होता. त्याच्या डेमो फाइलमध्ये गोळ्या कुठे गेल्या हे नसतंच, खेळाडूने काय काय दाबलं तेवढंच असतं, सेकंदाला ३५ वेळा. बाकीचा खेळ तो पुन्हा खेळून काढतो. त्याचे यादृच्छिक आकडेसुद्धा २५६ आकड्यांच्या ठरीव तक्त्यातून येतात, म्हणून दर वेळी तेच घडतं. फार सुंदर कल्पना, पण त्यासाठी दर वेळी, दर कॉम्प्युटरवर हिशेब तंतोतंत तोच यावा लागतो. आमच्या दशांशांवर आमचा तेवढा विश्वास नव्हता. आम्ही जागा लिहून ठेवल्या, आणि फाइल फुगू नये म्हणून दर गोळ्याची नोंद सेकंदाला एकच.

तिसऱ्या रात्री एक बरं सुचलं. वहीतल्या प्रत्येक नोंदीच्या जागी पडद्यावर लाल ठिपका काढायचा. काही जोडायचं नाही, काही गुळगुळीत करायचं नाही. ठिपके सगळे बरोबर जागी! किल्ल्यात एकही नाही. म्हणजे वही खरी होती, खोटं बोलत होता तो दर्शक. गोळा नवीन तयार झाला की पहिली नोंद हातात येईपर्यंत त्याची जागा शून्य, शून्य, शून्य. मग दर्शक त्या शून्यापासून पहिल्या नोंदीपर्यंत त्याला सरकवत आणायचा. आणि आमच्या नकाशाचा शून्य कुठे? बरोबर मध्यावर, सुवर्णदुर्गात. नकाशाचा कोपरा शून्य धरला असता तर गोळे दर्यातून आले असते आणि आम्ही मासे मोजत बसलो असतो. इलाज दोन ओळींचा: पहिली नोंद मिळेपर्यंत गोळा काढायचाच नाही, आणि मिळाली की 'आधीची जागा' म्हणूनही तीच धरायची.

किल्ला शांत झाला तेव्हा दुसरं दिसायला लागलं. खेळताना जो गोळा तटावरून निसटता पलीकडे गेला होता, तो रिप्लेत तटातून आरपार. ठिपके पुन्हा बरोबर. मग?

इथे खलाशी मंडळी बसली आहेत, त्यांना हे पटकन कळेल. कोष्टकात भरतीची वेळ असते, सुकतीची असते. मधलं पाणी तुम्ही मनाने धरता. पण सहा तासांत पाणी दर तासाला सारखं चढतं, असं धरून कोणी होडी आत घालतं का? पहिल्या तासाला बारातला एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. दोन नोंदी खऱ्या असूनही त्यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली की होडी रुतली. आमचा दर्शक तेच करत होता. गोळा जातो कमानीतून, हा दोन ठिपके सरळ जोडतो, आणि सरळ रेघ कमानीच्या खालून जाते. किती खालून? गुरुत्वाकर्षणाचा ९.८ घ्या, नोंदींमधल्या वेळेच्या वर्गाने गुणा, आठाने भागा. एका सेकंदाला सव्वा मीटर! तटाच्या चर्या, म्हणजे वरचे दाते, गिळायला तेवढं पुरतं. नोंदींमधली वेळ एक दशांश सेकंद ठेवली तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर.

मग मी हुशारी केली. नोंदीच कशाला हव्यात? सुटल्याची टिक, जागा आणि वेग लिहा, बाकी दहावी-बारावीचं सूत्र. फाइल एवढीशी झाली. आणि गोळे आता जहाजाच्या वरून जाऊन पाण्यात फुटायला लागले, जहाज मात्र न लागताच जळतंय! सूत्र बरोबर होतं, खेळ 'चुकीचा' होता. खेळ दर टिकला आधी वेग कमी करतो, मग त्या वेगाने गोळा पुढे नेतो. तीस टिकच्या हिशेबाने तीन सेकंदांत हा गोळा सूत्रापेक्षा जवळपास अर्धा मीटर खाली येतो. पण ज्या लढाईत जहाज बुडालं ती खेळाने हिशेब केलेली होती, न्यूटनने नव्हे. तेव्हा दर्शकालाही खेळाचीच पायरी, त्याच क्रमाने चढायला लावली.

एक गंमत राहिली. फुटलेल्या गोळ्याचा क्रमांक आम्ही पुढच्या गोळ्याला द्यायचो. दर्शकाला वाटायचं तोच गोळा आहे, मग फुटल्या जागेपासून नव्या तोफेपर्यंत धुराची लांबलचक रेघ. क्रमांक पुन्हा वापरणं बंद केलं, संपलं.

रिप्लेत थेट लढाईच्या मध्येच उडी मारली की हवेतले गोळे गायब व्हायचे, कारण ते उडीच्या आधी सुटलेले. आता दर दहा सेकंदांनी सगळ्या हवेतल्या गोळ्यांची एक मोठी नोंद होते, आणि दर्शक तिथून चालत येतो.

रिप्ले उलटा फिरवला तर काय होतं? हा प्रश्न मघाशी दाराशी एका मुलाने विचारलाच. गोळा तोफेत परत जातो, धूर मात्र पुढेच पसरत राहतो. धुराची नोंदच नाही, तो खेळाच्या नव्हे, खऱ्या घड्याळाने चालतो. हा बग अजून तसाच आहे. लॅपटॉप आणलाय, पंखा तेवढा बंद करा आणि जवळ या. वीज आहे तोवर दाखवतो.