गाडीतला कुबट वास: आधी पाणी शोधा

[दृश्य: जूनअखेरची सकाळ. सिव्हिल लाइन्समध्ये कडुनिंबाखाली उभ्या गाड्या, बोनेटवर ओला पालापाचोळा.]

पावसाळा लागून आठवडा झाला, की नागपुरातल्या गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते. "भाऊ, एसी लावला की वास येऊन राहिला." उन्हाळाभर ४४-४५ अंशांत हाच एसी चालत होता, तेव्हा वास नव्हता. मग आताच काय झालं?

बिघाडाची तयारी मे महिन्यातच झालेली असते. तेव्हा दुपारची हवा इतकी कोरडी, की एसीच्या कूलिंग कॉइलवर पाणी थोडंच सुटतं. धूळ मात्र भरपूर बसते. पावसाळी हवा आली, की त्याच कॉइलवर पाणी निथळू लागतं, धुळीचा चिखल होतो आणि त्यावर बुरशी धरते. जुलैत कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) वास मारतात, तसाच हा प्रकार. फक्त ताट्या डोळ्यांना दिसतात, आणि कॉइल डॅशबोर्डच्या आत प्लास्टिकच्या बंद खोक्यात असते.

बहुतेक लोक इथे परफ्यूमची डबी विकत घेतात. दोन दिवसांनी गाडीत दोन वास असतात.

कुबट वास म्हणजे कुठेतरी साचलेलं पाणी. ते कुठून येतं हे कळल्याशिवाय कोणतंही क्लीनर वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आणि ते ओळखण्याची पहिली खूण म्हणजे वास केव्हा येतो ती वेळ.

एसी सुरू करताच पहिला अर्धा मिनिट भपकारा येतो आणि मग कमी होतो? कॉइल किंवा केबिन फिल्टर. गाडी रात्रभर बंद होती आणि दार उघडताच वास आला? खालची मॅट ओली आहे. पाऊस झाल्यावरच येतो? पाणी बाहेरून शिरतंय. पाऊस नाही, तरी रोजच्या एसीनंतर डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी ओल? एसीचा ड्रेन पाइप चोकअप झालाय.

[दृश्य: गाडीखालून दिसणारा रबरी पाइप. थेंब पडत नाहीत.]

ड्रेन पाइप तपासायला पैसे लागत नाहीत. दमट दिवशी गाडी सपाट जागेवर उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवायचा. गाडीखाली पाण्याचं थारोळं व्हायलाच हवं. खाली कोरडं, आणि वळणावर डॅशबोर्डमधून डुचमळल्याचा आवाज, म्हणजे पाणी आत तुंबलंय. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा पाइप इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, डाव्या बाजूला खालच्या अंगाला बाहेर येतो. जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवली, की चिखलाची गुठळी सुटते. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारणारेही आहेत. त्यात पाइप आतल्या बाजूने निसटतो आणि मग सगळं पाणी थेट मॅटवर. त्या दुरुस्तीसाठी कधीकधी डॅशबोर्डच खोलावा लागतो.

पाइप मोकळा झाल्यावरच कॉइल धुवायची. एसी आणि ब्लोअर बंद ठेवून फोम क्लीनर ड्रेन पाइपमधून वर भरायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, आणि काळं पाणी खाली गळू द्यायचं. मग सगळ्या काचा उघड्या ठेवून ब्लोअर दहा मिनिटं पूर्ण जोरात. ब्लोअरच्या बाजूने फवारा मारायचा असेल, तर मोटर आणि तिच्याजवळच्या वायरिंगवर फोम जाऊ द्यायचा नाही.

केबिन फिल्टर सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही स्वस्त मॉडेलमध्ये खाच असते, पण फिल्टर बसवलेलाच नसतो, म्हणून एकदा हात घालून बघाच. कागदी फिल्टर धुऊन परत बसवायचा नाही. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा.

काढलेला जुना फिल्टर ओला निघाला, तर थांबा. तो कॉइलच्या आधी येतो, तिथे एसीचं पाणी पोचत नाही. म्हणजे पाणी वरून आलंय.

[दृश्य: समोरच्या काचेखालची काळी प्लास्टिक जाळी. जाळी उचलली जाते, खाली काळपट पाचोळ्याचा थर.]

समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली एक पन्हाळ असते. काचेवरचं पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागे खाली पडतं. ब्लोअर बाहेरची हवाही इथूनच घेतो. नागपुरात सावलीसाठी गाडी झाडाखालीच लागते आणि कडुनिंबाची बारीक पानं जाळीतून सहज आत जातात. गुलमोहराची तर त्याहून बारीक. पाचोळ्याने भोकं बुजली, की जोरदार सरीत पन्हाळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून केबिनमध्ये ओसंडतं.

तपासायला पन्हाळीच्या प्रत्येक टोकाला एक लिटर पाणी सावकाश ओतायचं. त्या बाजूच्या चाकामागे ते लगेच पडायला हवं. पडलं नाही, तर वायपर आणि जाळी काढून पाचोळा हाताने उचलायचा. पाण्याच्या जोराने ढकलला तर तो भोकात आणखी घट्ट बसतो. हे काम उन्हाळा संपताना, पहिल्या सरीआधी केलं, तर पुढचं बरंच टळतं.

दाराची गोष्ट वेगळी. दाराच्या पोकळीत पाणी जातंच, ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. त्याला केबिनपासून अडवणारा प्लास्टिकचा पडदा दारपॅनेलच्या आत चिकटवलेला असतो. बाहेरच्या दुकानात स्पीकर बसवून घेतलेल्या गाड्यांत तो ब्लेडने फाडलेला सापडतो. नवा पडदा ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) सलग चिकटवायचा. मधेमधे डिंकाचे ठिपके ठेवून भागत नाही.

सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांचे पाइप. डिकीत ओल असेल तर स्टेपनी उचलून खालचा खड्डा, मागच्या दिव्यांची पॅकिंग आणि डिकीचं रबर.

तरी सापडलं नाही, तर पाइपने पाणी सोडायचं, प्रेशर वॉशरने नाही. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर. सुरुवात खालून, दाराच्या कडेपासून, आणि एकेका भागावर पाच मिनिटं थांबत वर चढायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत कोरड्या कडांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या, की पहिला थेंब लगेच दिसतो.

[दृश्य: पुढची सीट काढलेली. मॅटिंग उलटून त्याखालचा जाड नमदा दाबला जातो. बोटांमधून पाणी.]

आता वासाचं मूळ घर. वर हात फिरवून मॅटिंग कोरडं लागतं, म्हणून मालकाला पटत नाही. मॅटिंगखाली नमद्याचा किंवा फोमचा जाड थर असतो, आणि तो काही लिटर पाणी धरून ठेवतो. वरून चिकटवलेल्या, सगळा तळ झाकणाऱ्या सेव्हन-डी मॅटमुळे ते वाळायचा मार्गच बंद होतो. विकताना ही मॅट वॉटरप्रूफ म्हणून विकतात. ती असतेही वॉटरप्रूफ, खालचं पाणी वर येऊ देत नाही.

सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण सीटखालच्या पिवळ्या प्लगमध्ये एअरबॅगची वायरिंग असते. तो प्लग सुटलेला असताना चावी फिरवली, तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि गॅरेजमधला स्कॅनर लावूनच जातो. सीट साधारण चार बोल्टांवर असते. दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या काढल्या, की मॅटिंग उलटता येतं.

पाणी ओढणारं व्हॅक्यूम फिरवून मिळेल तेवढं पाणी काढून घ्यायचं. नमदा सुटा निघत असेल तर बाहेर काढून पंख्याखाली उभा ठेवायचा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत वाळतो, जुलैत चार दिवसही लागतात. गाडीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून एवढं पाणी सुकत नाही. दोन दिवस ओल राहिली की बुरशी धरायला पुरे, म्हणून वाळवणं पुढे ढकलू नये.

बुरशीचे डाग दिसले तर एन ९५ मास्क आणि हातमोजे घालून पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात फवारायचं, ब्रशने घासायचं, ओढून घ्यायचं. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी व्हॅक्यूम. व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ओझोन मशिनची फॅशन आहे. ओल काढण्याआधी ते लावून फायदा नाही, आणि ते चालू असताना गाडीत बसायचं नाही.

कुबट नसलेले वासही ओळखायला हवेत. गोडसर वास, काचेवर आतून तेलकट पापुद्रा आणि कूलंटची पातळी घटलेली, म्हणजे हीटरचा रेडिएटर गळतोय. सांडलेल्या दुधावर गरम पाणी किंवा वाफ मारली तर ते धाग्यांत आणखी पक्कं बसतं, तिथे एन्झाइमवाला क्लीनर लागतो. ब्लोअर सुरू होताच सडका वास आला, तर उंदीर. आणि सीटच्या रुळांत एखादं संत्रं अडकलंय का तेही बघून घ्या, शेवटी गाव नागपूर आहे.

[दृश्य: अंबाझरी तलाव. मग जुन्या गाड्यांच्या बाजारातली एक चकचकीत गाडी.]

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि अनेक गाड्या बुडाल्या. अशा पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्यात भिजलेला नमदा धुवायचा नाही, फेकायचा आणि नवा टाकायचा. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, रिळाजवळ गाळाची रेघ राहिलेली असते. सीटच्या बोल्टांवर गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक माती आहे का, डॅशबोर्डखालच्या प्लगांवर हिरवट थर आहे का, हे टॉर्चने पाहा. विक्रेत्याने आधीच सगळ्या काचा उघड्या ठेवल्या असतील, तर त्या बंद करून गाडी तासभर उन्हात उभी करायला सांगा आणि मग दार स्वतः उघडा.