हेलियमच्या थेंबात आयनाचे काय होते?

मित्रहो, अत्यंत शुद्ध हेलियम उच्च दाबाखाली, 5 ते 20 केल्विनपर्यंत थंड केलेल्या आणि अवघ्या 5 मायक्रोमीटर व्यासाच्या छिद्रातून निर्वातात सोडले, की त्याचे सूक्ष्म थेंब तयार होतात. पृष्ठभागावरचे अणू उडून जाताना उष्णता घेऊन जातात आणि थेंब 0.37 केल्विनवर स्थिरावतो. या तापमानाला हेलियम अतिप्रवाही असते, म्हणजे कसलाही अडथळा न होता वाहते. असा थेंब पुढे पाण्याच्या विरळ वाफेतून गेला, की वाटेत भेटलेले रेणू तो एकेक करून पोटात घेतो आणि आत त्यांचा पुंजका बनतो.

आता या थेंबावर इलेक्ट्रॉनांचा मारा करू. थेंबात जवळजवळ सगळे हेलियमच असल्यामुळे इलेक्ट्रॉन बहुधा हेलियमच्याच अणूवर आदळतो, आणि त्याचे आयनीकरण करायला, म्हणजे त्यातला एक इलेक्ट्रॉन काढून त्याला धनभारित आयन बनवायला, 24.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) लागतात. हा धनभार शेजारच्या अणूवर, तिथून पुढच्या अणूवर अशा काही उड्या घेतो आणि पुंजक्यापर्यंत पोहोचलाच तर तिथला एक इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. पाण्याच्या सुट्या रेणूचे आयनीकरण 12.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच होते. म्हणजे जवळजवळ तेवढीच, 12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शिल्लक राहते. हेलियमचा एक अणू थेंबातून सुटताना जेमतेम 0.0006 इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन जातो. सारी शिल्लक उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकायची, तर सुमारे 20,000 अणू उडावे लागतील. काही हजार अणूंचा थेंब त्यात पुरता संपेल.

म्हणूनच मला वाटते, की थेंब किती थंड आहे यापेक्षा तो उष्णता किती वेगाने काढून घेतो, हा खरा प्रश्न आहे. हेलियमविना, मोकळ्या पुंजक्यातून इलेक्ट्रॉन काढला, की आयन बनलेला रेणू आपला प्रोटॉन शेजारच्या रेणूला देतो, उरलेला हायड्रॉक्सिल (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन अणूची जोडी) सहसा निसटून जातो आणि आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मुख्यतः प्रोटॉन जोडलेले पुंजके दिसतात. थेंबातून आलेल्या आयनांत मात्र हायड्रॉक्सिल न गमावलेले, अखंड पुंजकेही ठळकपणे आढळतात. प्रोटॉनाची देवघेव इतकी झटपट होते, की हेलियम तिला अडवू शकत नाही. हायड्रॉक्सिल निसटण्यापूर्वी काही पुंजक्यांतली ऊर्जा ते काढून घेते, इतकेच. तेव्हा हेलियम आयनाला तुटू देत नाही, असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही.

शिवाय हेलियम आयनाला चिकटते. फुलरीन या साठ कार्बन अणूंच्या, फुटबॉलसारख्या पोकळ रेणूचा धन आयन घ्या: त्याच्या पृष्ठभागावर 12 पंचकोन आणि 20 षटकोन असतात, आणि प्रत्येकावर एकेक असे 32 हेलियम अणू बसले, की पहिला थर पुरा होतो. ताऱ्यांच्या प्रकाशात 9577 आणि 9632 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) यांच्याजवळ दिसणाऱ्या शोषणरेषा या आयनाच्या असाव्यात, असे 1994 मध्ये सुचवले गेले आणि 2015 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे थेंबांतून मिळवलेल्या आयनांवर दिसले, की 32 अणूंपर्यंत प्रत्येक अणूगणिक शोषणाची तरंगलांबी सारख्याच प्रमाणात सरकते. त्यामुळे हीच सरळ रेषा शून्य हेलियमपर्यंत मागे नेता येते आणि अवकाशातल्या उघड्या आयनाची तरंगलांबी हाती लागते.